द्राक्षबागेतला सेन्सर क्लाउडला जोडताना: सिम, मॉड्यूल आणि एमक्यूटीटी

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली, फुटवे निघाले आणि मध्येच पाऊस आला, की नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला एक गोष्ट नक्की कळायला हवी असते: रात्री पान किती तास ओलं होतं आणि त्या वेळी तापमान किती होतं. डावणी रोगाची फवारणी घ्यायची की थांबायचं, हे बरंचसं त्यावर ठरतं. पर्णओलाव्याचा सेन्सर हे तास मोजतो. पण नेमक्या त्या रात्री दोन ते पाचमधले आकडे पोहोचलेच नाहीत, तर ओले तास कमी मोजले जातात आणि सल्ला चुकतो.

म्हणून पुढचं सगळं वाचताना एवढं धरून ठेवा: आकडा उशिरा पोहोचला तरी चालतो, पण तो हरवता कामा नये आणि त्याच्यावरची वेळ चुकता कामा नये. मॉड्यूल कुठलं, प्लॅटफॉर्म कुठला, हे प्रश्न त्यानंतरचे.

हा लेख पहिल्यांदाच यात हात घालणाऱ्यांसाठी आहे. घरी बाग असलेली, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणारी निफाड, दिंडोरी, चांदवडकडची मुलंमुली. किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात टाकीची पातळी लांबून बघायचं काम अंगावर आलेले तंत्रज्ञ. थोडं प्रोग्रॅमिंग येतं आणि सोल्डरिंगची भीती वाटत नाही, एवढं पुरे.

आधी साखळी समजून घ्या

सेन्सर आकडा देतो. बोर्ड, म्हणजे ईएसपी३२ सारखा छोटा संगणक, तो वाचतो. मॉड्यूल सिमच्या आधारे टॉवरशी बोलतं. तिथून संदेश इंटरनेटवरच्या ब्रोकरकडे जातो आणि ब्रोकरकडून तो डेटाबेसमध्ये उतरतो. डॅशबोर्ड, मोबाइलवरचा अलर्ट, रोगाचं मॉडेल हे सगळं त्यापुढे.

यातला ब्रोकर म्हणजे बाजार समितीतला अडत्या समजा. माल आणणारा आणि घेणारा यांची गाठ पडण्याची गरज नसते. दोघांनाही अडत्याचा गाळा माहीत असला की काम होतं. सेन्सर ब्रोकरकडे ठरावीक नावाच्या टॉपिकवर संदेश पब्लिश करतो आणि ज्याला तो हवा आहे तो त्या टॉपिकला सबस्क्राइब करतो. मात्र ब्रोकर तुमचा इतिहास साठवून ठेवत नाही. त्या क्षणी ऐकणारं कुणी नसेल तर साधा संदेश तिथेच संपतो. साठवणूक ही वेगळी सोय आहे आणि ती आपल्यालाच लावावी लागते.

एमक्यूटीटी ही या बोलण्याची पद्धत. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आरकॉमचे आर्लेन निपर यांनी ती तयार केली, ती तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती उपग्रहाच्या महागड्या आणि बेभरवशाच्या जोडणीवरून आणण्यासाठी. बागेतही अडचण तीच आहे: डेटा कमी, रेंज कधी आहे कधी नाही, वीज मोजूनमापून. त्यामुळे ही पद्धत आपल्याला अगदी नीट बसते. तिच्या संदेशाचं ठरलेलं डोकं (फिक्स्ड हेडर) कमीत कमी २ बाइटचं असतं. आवृत्ती ३.१.१ ही २०१४ ची आणि ५ ही २०१९ ची, सुरुवात ३.१.१ ने करा, कारण जवळजवळ प्रत्येक मॉड्यूल आणि प्रत्येक ब्रोकर ती ओळखतो.

आणखी एक फायदा. मोबाइल नेटवर्कवर सिमला मिळणारा आयपी पत्ता बहुधा खासगी असतो, म्हणजे बाहेरून कुणी तुमच्या बागेतल्या डबीशी (बोर्ड आणि मॉड्यूल ठेवलेल्या खोक्याशी) थेट जोडणी करू शकत नाही. एमक्यूटीटीमध्ये जोडणी नेहमी डबीकडून सुरू होते आणि उघडी राहते. त्याच वाटेने उलट निरोपही येऊ शकतो, उदाहरणार्थ 'आता दर पाच मिनिटांनी वाचन घे'.

सुरुवात उलट्या टोकाकडून करा

बहुतेक जण सेन्सर आणतात, बोर्डला जोडतात, मॉड्यूल लावतात, इंटरनेटवरचा कोड चिकटवतात आणि डॅशबोर्ड रिकामा का आहे म्हणून डोकं धरून बसतात. सहा सांधे एकदम जोडले तर बिघाड कुठल्या सांध्यात आहे हे कळायला मार्ग नसतो. माझं ठाम मत आहे की क्लाउडच्या टोकाकडून शेताकडे यावं, आणि एक सांधा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

लॅपटॉपवर मॉस्किटो हा ब्रोकर बसवा. तो मुक्त स्रोत आहे आणि मोफत आहे. त्याच्याबरोबर संदेश पाठवण्याचं आणि ऐकण्याचं, अशी दोन छोटी साधनं येतात. दोन खिडक्या उघडा. एकीत 'बाग/चाचणी' या टॉपिकला सबस्क्राइब करा, दुसरीतून त्याच टॉपिकवर '२४.६' पाठवा. पहिल्या खिडकीत आकडा उमटला की एमक्यूटीटीचा गाभा तुम्ही पाहिलात. यापुढे काहीही बिघडलं तरी ही ऐकणारी खिडकी उघडी ठेवायची सवय लावा. डॅशबोर्ड काय म्हणतो ते नंतर; ब्रोकरपर्यंत संदेश आला का, हे ती खिडकी सांगते.

एक सूचना. मॉस्किटोची आवृत्ती २ आल्यापासून तो मूळ सेटिंगमध्ये फक्त त्याच संगणकावरून जोडणी घेतो आणि बाहेरून येणाऱ्याला युजरनेम-पासवर्डशिवाय आत सोडत नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये हे नसतं, म्हणून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं तर आधी तिथे बघा.

घरातला लॅपटॉप बागेतल्या सिमला दिसणार नाही, तेव्हा पुढचा टप्पा इंटरनेटवरच्या ब्रोकरचा. पर्याय तीन प्रकारचे. एखादा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर स्वतःचा मॉस्किटो चालवा. किंवा थिंग्सबोर्डसारखा प्लॅटफॉर्म वापरा, ज्यात ब्रोकर, साठवणूक आणि डॅशबोर्ड एकत्र मिळतात आणि प्रत्येक उपकरणाला दिलेलं टोकन हेच युजरनेम म्हणून चालतं. किंवा ॲमेझॉनचं आयओटी कोअर, मायक्रोसॉफ्टचं आयओटी हब अशा मोठ्या सेवेकडे जा. पहिल्या एक-दोन डब्यांसाठी मी थिंग्सबोर्डसारखा मार्ग सुचवेन, कारण दोन-तीन दिवसांत आलेख दिसतो आणि उत्साह टिकतो. गावातल्या पन्नास बागा जोडायच्या असतील तर मोठ्या सेवेचा विचार करा. ॲमेझॉनचा मुंबई विभाग आपल्याला जवळ पडतो.

जुन्या लेखांमध्ये गूगलच्या आयओटी कोअरची माहिती भरपूर सापडेल. ती सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद झाली, त्यामुळे तो मार्ग सोडून द्या. त्यातून एक पथ्य मात्र पाळा: ब्रोकरचा पत्ता कोडमध्ये पक्का कोरू नका, तो लांबून बदलता येईल असा ठेवा. नाहीतर उद्या सेवा बदलली की प्रत्येक बांधावर लॅपटॉप घेऊन जावं लागेल.

सिम आणि मॉड्यूल

इथे पैसे वाया जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. बाजारात सिम८०० नावाचं लाल किंवा निळ्या पाटीवरचं मॉड्यूल स्वस्तात मिळतं. ते फक्त टूजीवर चालतं. जिओकडे टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यात कधीच रजिस्टर होणार नाही, कितीही अँटेना बदला. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचं टूजी अजून आहे, पण आज बसवलेली डबी पाच-सात वर्षं चालायला हवी, आणि तेवढ्या मुदतीसाठी टूजीवर भिस्त ठेवू नये.

आपल्या कामाला फोरजीतला कॅट-१ किंवा कॅट-१ बिस हा वर्ग योग्य. वेग कमी, पण आपल्याला एका वाचनाचे शे-दीडशे बाइट पाठवायचे आहेत. बिस प्रकाराला एकच अँटेना लागते, म्हणून डबी लहान होते. सिमकॉमचं ए७६७० आणि क्वेक्टेलचं ईसी२००यू ही मालिका आपल्याकडे सहज मिळते. घेताना पूर्ण मॉडेल क्रमांक तपासा, कारण शेवटच्या अक्षरांवर कुठले बँड आणि टूजीचा आधार आहे की नाही हे ठरतं.

सिम प्रयोगापुरतं नेहमीचं चालेल. खऱ्या वापरासाठी कंपन्या यंत्रांसाठीचं वेगळं सिम देतात. त्याचा क्रमांक १३ अंकी असतो. त्यावर कॉल आणि मेसेज ठरावीक क्रमांकांपुरते असतात आणि डेटाही बऱ्याचदा आधी कळवलेल्या पत्त्यांपुरताच उघडा असतो. म्हणून असं सिम घेताना ब्रोकरचा पत्ता आणि पोर्ट त्यांना आधी द्या. नाहीतर सगळं बरोबर दिसतं, सिग्नल असतो, आयपी मिळतो, आणि जोडणी तेवढी होत नाही.

रेंज बघायची ती बागेत, आणि जिथे डबी बसणार तिथेच. निफाडच्या सपाटीवर फारशी अडचण येत नाही. दिंडोरीच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे सरकलं की डोंगर आडवे येतात आणि दोनशे पावलांवर चित्र बदलतं. दोन कंपन्यांची सिम घेऊन दोन्ही तपासा. हे काम शक्यतो मांडव पानांनी भरलेला असताना करा. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर बाग उघडी असते तेव्हा सिग्नल छान वाटतो; पावसाळ्यात ओल्या पानांचा थर मध्ये आला की तोच सिग्नल खाली येतो. अँटेना मांडवाच्या वर काढा, हा यावरचा साधा आणि पक्का उपाय.

वीजपुरवठा: इथे घाई नको

मॉड्यूल अधूनमधून आपोआप बंद-चालू होतंय, सिम सापडतं आणि हरवतं, घरी चालतं आणि बागेत चालत नाही. अशा तक्रारींचं मूळ कोडमध्ये क्वचितच असतं. ते वीजपुरवठ्यात असतं. मॉड्यूल टॉवरशी बोलायला लागलं की क्षणभर मोठा प्रवाह ओढतं. टूजीवर गेलं तर २ अँपिअरपर्यंत. ईएसपी३२ बोर्डच्या पिनवरून किंवा लॅपटॉपच्या यूएसबीवरून तेवढा प्रवाह मिळत नाही, व्होल्टेज क्षणात खाली बसतं आणि मॉड्यूल पुन्हा सुरू होतं. साधा मल्टिमीटर हे दाखवत नाही, कारण तो सरासरी दाखवतो आणि खड्डा सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत येऊन जातो.

मॉड्यूलला सुमारे ३.८ व्होल्टचा आणि २ अँपिअर झेपणारा स्वतंत्र पुरवठा द्या. त्याच्या पिनांना अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. वायर जाड आणि आखूड ठेवा. ब्रेडबोर्डवरच्या बारीक जंपरमध्येच अर्धा व्होल्ट हरवतो. बोर्डचं ग्राउंड आणि मॉड्यूलचं ग्राउंड जोडलेलं हवंच. उघडं मॉड्यूल वापरत असाल तर त्याची सिरियल पिन १.८ व्होल्टवर चालते आणि ईएसपी३२ ची ३.३ वर, तेव्हा मध्ये लेव्हल शिफ्टर लागतो. तयार पाटीवर तो बहुधा असतो. बऱ्याच मॉड्यूलना नुसती वीज देऊन भागत नाही, पॉवर-कीची पिन थोडा वेळ खाली ओढावी लागते. डबी बंद पडून परत वीज आल्यावर हे काम कोडने स्वतः करायला हवं.

शेतीच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच असते, तेव्हा डबी लाईटवर अवलंबून ठेवू नका. सोलर पॅनल आणि बॅटरी घ्या, आणि पावसाळ्यात चार-पाच दिवस ऊन नसेल असं धरून बॅटरीचा हिशोब करा. बॅटरीचं व्होल्टेजही प्रत्येक संदेशात पाठवा. डबी मरायच्या दोन दिवस आधी ते तुम्हाला सांगून ठेवतं.

मॉड्यूलशी बोलणं

मॉड्यूलला सिरियलवरून एटी कमांड द्यायच्या असतात. सुरुवातीला बोर्ड मध्ये घालू नका; यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून लॅपटॉपवरून हाताने टाइप करा. नुसतं 'एटी' पाठवा, 'ओके' आलं पाहिजे. नाही आलं तर टीएक्स-आरएक्स उलट आहेत का, बॉड रेट ११५२०० आहे का, आणि ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न जातोय का ते बघा.

मग सिम तयार आहे का ते सीपिनने विचारा. त्यानंतर सीएसक्यूने सिग्नल. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं आणि ९९ म्हणजे माहीत नाही. या आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएममध्ये सिग्नल मिळतो. १५ म्हणजे उणे ८३, १० म्हणजे उणे ९३. दहाच्या खाली असेल तर आधी अँटेनाची जागा बदला. नंतर सीईआरईजीने नेटवर्कवर नोंद झाली का ते बघा: १ म्हणजे झाली, ५ म्हणजे रोमिंगवर झाली, २ म्हणजे अजून शोधतंय, ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं. ३ आलं तर वायरिंगमध्ये वेळ घालवू नका, सिम कंपनीला फोन करा. शेवटी सीजीडीसीओएनटीने त्या कंपनीचा एपीएन, म्हणजे मोबाइल डेटाच्या वाटेचं नाव, भरा. जिओच्या नेहमीच्या सिमला तो 'जिओनेट' आहे, यंत्रांच्या सिमला कंपनी वेगळा देते.

आता घड्याळ. हे बहुतेक जण वगळतात आणि पुढे दोन ठिकाणी अडकतात. एक, सुरक्षित जोडणीत मॉड्यूल ब्रोकरचं सर्टिफिकेट तपासतं आणि त्याची मुदत बघतं. मॉड्यूलचं घड्याळ १९७० किंवा १९८० सालात असेल तर ते चांगलं सर्टिफिकेटही नाकारतं. दोन, वाचनावरची वेळ. सीसीएलके कमांडने मॉड्यूलची वेळ विचारा. नेटवर्ककडून वेळ मिळाली असेल तर शेवटी '+२२' दिसतं. हा ग्रिनिचपासूनचा फरक पाव तासांमध्ये मोजलेला आहे. २२ पाव तास म्हणजे साडेपाच तास. म्हणजे समोर दिसणारी वेळ भारतीय आहे. ती तशीच क्लाउडला पाठवली तर डॅशबोर्ड तिला ग्रिनिचची समजून आणखी साडेपाच तास पुढे नेतो, आणि रात्री दोनचा ओलावा सकाळी साडेसातला झालेला दिसतो. साठवताना कायम जागतिक वेळेतले सेकंद पाठवा आणि भारतीय वेळ फक्त दाखवताना करा.

पहिला संदेश

सेन्सर अजून बाजूलाच. ए७६७० मध्ये एमक्यूटीटी आतच आहे, त्याच्या कमांड सीएमक्यूटीटी या अक्षरांनी सुरू होतात, क्वेक्टेलमध्ये क्यूएमटीने. क्रम सगळीकडे एकच: सेवा सुरू करा, क्लायंट आयडी द्या, ब्रोकरला जोडा, टॉपिक द्या, मजकूर द्या, पब्लिश करा. आधी १८८३ या उघड्या पोर्टवर, चाचणीच्या टॉपिकवर, हाताने टाइप केलेला एक आकडा पाठवा. लॅपटॉपची ऐकणारी खिडकी आता याच इंटरनेटवरच्या ब्रोकरला जोडा; तिच्यात तो उमटला की सिम ते ब्रोकर हा अवघड सांधा झाला.

मगच ८८८३ या सुरक्षित पोर्टवर जा. पासवर्ड आणि डेटा उघड्यावर पाठवणं प्रयोगापुरतंच ठीक आहे. याच जोडणीवरून उद्या ड्रिपचा व्हॉल्व्ह चालवायचा असेल तर कुणालाही तो उघडता येता कामा नये. ॲमेझॉनकडे जात असाल तर तीन फाइल लागतात: त्यांचं मूळ सर्टिफिकेट, तुमच्या उपकरणाचं सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली. त्या मॉड्यूलच्या मेमरीत चढवा. चढवताना ओळी तुटल्या किंवा एखादी रिकामी ओळ घुसली तरी जोडणी होत नाही. जोडणी होते पण पहिल्याच पब्लिशला तुटते, असं दिसलं तर कोड उघडू नका, पॉलिसी उघडा. ज्या टॉपिकची परवानगी नाही त्यावर लिहिलं की ॲमेझॉनचा ब्रोकर जोडणीच तोडतो.

क्लायंट आयडी प्रत्येक डबीला वेगळा हवा. एकाच आयडीने दुसरी डबी आली की ब्रोकर पहिलीला बाहेर काढतो, पहिली परत येते, दुसरी बाहेर जाते, आणि हे रात्रभर चालू राहतं. मॉड्यूलचा आयएमईआय क्रमांक आयडी म्हणून वापरला की प्रश्न मिटतो.

टॉपिक, मजकूर आणि हमी

टॉपिक आधी कागदावर लिहा. 'नाशिक/दिंडोरी/बाग७/प्लॉट३/हवामान' अशी उतरंड ठेवली की एका प्लॉटचं, एका बागेचं किंवा पूर्ण तालुक्याचं ऐकता येतं. अधिकचं चिन्ह एका पायरीच्या जागी चालतं आणि हॅशचं चिन्ह त्याखालच्या सगळ्यांसाठी. टॉपिक देवनागरीत लिहिणं नियमात बसतं, पण एकेका अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणून प्रत्यक्षात रोमन लिपीतली छोटी नावं वापरा. मजकुरातही तेच: जेसनमध्ये तापमान, आर्द्रता, पर्णओलावा, बॅटरी आणि वेळ यांना एक-दोन अक्षरी नावं पुरतात.

हमीच्या तीन पातळ्या आहेत. ० म्हणजे पाठवलं आणि विसरलं. १ म्हणजे पोच मिळेपर्यंत परत पाठवणं, त्यात एखादा संदेश दोनदा येऊ शकतो. २ म्हणजे नेमका एकदाच. ती ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या या सेवांमध्ये मिळत नाही आणि आपल्याला तिची गरजही नाही. १ घ्या, आणि डेटाबेसमध्ये 'हीच डबी, हीच वेळ' अशी नोंद आधी असेल तर दुसरी टाकू नये एवढा नियम लावा.

रिटेन नावाची एक सोय आहे: टॉपिकवरचा शेवटचा संदेश ब्रोकर धरून ठेवतो आणि नव्याने आलेल्याला लगेच देतो. ती वाचनासाठी वापरू नका. डबी बंद पडून आठवडा झाला तरी डॅशबोर्ड उघडणाऱ्याला जुनं तापमान ताजं म्हणून दिसेल. ती 'चालू' आणि 'बंद' या स्थितीसाठी ठेवा. जोडणी झाल्यावर डबी 'चालू' लिहील, आणि ब्रोकरकडे आधीच ठेवलेला शेवटचा निरोप जोडणी अचानक तुटली की 'बंद' लिहील.

जोडणी उघडी ठेवायची की दर वेळी नवी करायची? दर पंधरा मिनिटांनी एक वाचन म्हणजे दिवसाला ९६ संदेश. सगळी वेष्टनं धरून एकेक सुमारे ४०० बाइटचा होतो, म्हणजे महिन्याला सव्वा एमबीच्या आत. मधल्या पिंगा (जोडणी जिवंत आहे एवढंच सांगणारे छोटे संदेश) धरल्या तरी तीन एमबीपर्यंत. पण दर वेळी नवी सुरक्षित जोडणी केली तर सर्टिफिकेटांच्या देवाणघेवाणीतच पाच-सहा केबी जातात, आणि तोच महिना पंधरा एमबीच्या पुढे जातो. बॅटरीसाठी मॉड्यूल झोपवणं भागच असेल तर चार-चार वाचनं साठवून तासातून एकदा पाठवा. जोडणी उघडी ठेवणार असाल तर कीप-अलाइव्ह, म्हणजे दोन पिंगांमधला काळ, पाच मिनिटांच्या खाली ठेवून सुरुवात करा. शांत पडलेली जोडणी मोबाइल नेटवर्क मधेच गुपचूप बंद करतं. ॲमेझॉनकडे ही मर्यादा जास्तीत जास्त १२०० सेकंदांची आहे.

सेन्सर आणि साठवण

आता सेन्सर जोडा. मातीचा ओलावा, पर्णओलावा, वारा यांचे बरेच सेन्सर आरएस४८५ या प्रकारच्या वायरजोडणीवर मॉडबस नावाची भाषा बोलतात. दोन वायर, बहुधा ९६०० बॉड, प्रत्येकाला वेगळा पत्ता. पत्ते टेबलावरच बदलून घ्या, कारण कारखान्यातून सगळे एकाच पत्त्यावर येतात. पर्णओलाव्याचा सेन्सर बागेत खऱ्या पानांच्या उंचीवर आणि थोडा तिरका लावा, म्हणजे पाणी त्यावर साचून राहणार नाही.

या लेखातला सगळ्यात मोलाचा कोड आता लिहायचा आहे. वाचन घेतलं की ते आधी बोर्डच्या फ्लॅश मेमरीत लिहा, वेळेसकट. मग पाठवा. ब्रोकरची पोच आली की 'गेलं' अशी खूण करा. पोच नाही आली तर ते रांगेत राहील आणि जोडणी परतल्यावर जुन्यापासून नव्याकडे जात राहील. दीडशे बाइटचं एक वाचन धरलं तर दिवसाला सुमारे १४ केबी होतात. ईएसपी३२ च्या फ्लॅशमधला एक एमबी बाजूला काढला तर दोन महिन्यांचा डेटा मावतो. वादळात लाईट गेली, टॉवरची बॅटरी उतरली आणि गावाची रेंज गेली, तरी ओल्या पानांचे तास शाबूत राहतात. नेटवर्क नसताना वेळ हवी म्हणून बॅटरीवरचं छोटं घड्याळ, डीएस३२३१, लावून घ्या.

पुन्हा जोडणी करताना वाट बघण्याचा काळ वाढवत न्या: दहा सेकंद, वीस, चाळीस, आणि शेवटी पंधरा मिनिटांवर थांबा. त्यात थोडी यादृच्छिक भर घाला, म्हणजे टॉवर परत आल्यावर सगळ्या डब्या एकदम तुटून पडणार नाहीत. काही तास प्रयत्न फसले तर मॉड्यूलची वीज तोडून परत द्या. बोर्डला वॉचडॉग, म्हणजे कोड अडकला तर बोर्ड आपोआप परत सुरू करणारी सोय, लावा.

क्लाउडच्या बाजूला, थिंग्सबोर्डमध्ये साठवणूक आपोआप होते. स्वतःचा सर्व्हर असेल तर टेलिग्राफ नावाचा प्रोग्रॅम ब्रोकरकडून घेतो, इन्फ्लक्सडीबी साठवतो आणि ग्रफाना दाखवतो. ही तिकडी जुळायला सोपी आहे. एकच काळजी: डेटाबेसला संदेश पोहोचल्याची वेळ घालू देऊ नका, मजकुरातली वेळ घ्यायला सांगा. नाहीतर रेंज आल्यावर रात्रभराची वाचनं सकाळच्या एकाच मिनिटात कोंबलेली दिसतील आणि फ्लॅशमध्ये जपल्याचा उपयोग शून्य.

बागेत बसवताना

डबी आयपी६५ किंवा वरच्या दर्जाची घ्या, वायर खालून आत न्या आणि आत जाण्याआधी त्यांना खाली झुकता वळसा द्या, म्हणजे पाणी ओघळून बाहेरच गळेल. द्राक्षबागेत ब्लोअरने गंधक आणि तांब्याची औषधं वर्षभर उडतात. गंधक तांब्याचे सांधे काळे पाडतं, म्हणून उघडे कनेक्टर ठेवू नका, अँटेनाच्या सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. औषधाचा थर पर्णओलाव्याच्या सेन्सरवरही बसतो आणि तो कोरडा असताना ओला दाखवायला लागतो. पंधरवड्याला साध्या पाण्याने पुसायचं काम बागेत जाणाऱ्या माणसाला नेमून द्या. सेन्सर जिथे बसवला त्या ओळीतल्या मजुरांना आणि ट्रॅक्टरवाल्याला दाखवून ठेवा, छाटणीत वायर तुटण्याचं प्रमाण त्याने खूप कमी होतं.

पहिले दोन आठवडे डबीवर विसंबून फवारणीचा निर्णय घेऊ नका. रोज दोनच गोष्टी बघा: काल ९६ वाचनं आली का, आणि बॅटरी सकाळी किती होती. वाचनं कमी असतील तर ती उशिरा आली की आलीच नाहीत हे वेगळं करा. उशिरा येणं हा नेटवर्कचा स्वभाव आहे. न येणं म्हणजे तुमच्या रांगेत गळती आहे. रांगेची परीक्षा मुद्दाम घ्या: संध्याकाळी अँटेना काढून ठेवा, सकाळी लावा, आणि रात्रीचं एकेक वाचन आपापल्या वेळेवर बसलं का ते मोजा. पंचेचाळीस मिनिटं काहीच आलं नाही तर मोबाइलवर निरोप येईल असा अलर्टही लावा. मॉड्यूल झोपवत असाल तर तासाला एकच खेप येते, तेव्हा ही मुदत दोन तासांवर न्या. झोपवण्याच्या पद्धतीत 'शेवटचा निरोप' उपयोगी पडत नाही, कारण डबी रीतसर निरोप घेऊनच जोडणी सोडते, तेव्हा हा अलर्टच तुमचा पहारेकरी.

ही परीक्षा पास झाली की दुसरी डबी करा. तिला स्वतःचा क्लायंट आयडी, स्वतःचं सर्टिफिकेट आणि टॉपिकमध्ये स्वतःचा प्लॉट क्रमांक द्या. सर्टिफिकेट पहिल्या डबीचं वापरू नका. एखादी डबी चोरीला गेली तर तेवढं एकच रद्द करता आलं पाहिजे, बाकीच्या चालू राहायला हव्यात. आणि गोडी छाटणीच्या किमान महिनाभर आधी हे सगळं उभं करा, म्हणजे पहिला फुटवा निघेल तेव्हा रांग, घड्याळ आणि बॅटरी तिन्ही तपासून झालेली असतील.